नाटकासाठी दोन पदकं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे तोंडातल्या तोंडात पुटपुटले असेन, मोठ्याने नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. बदलापूर गावात कुणालाही विचारा — सून असावी तर अशी, असंच म्हणतील माझ्याबद्दल. ते ऐकलं की मी अजून विषय बदलते.

मी तोंडाची फटकळ, पण हाताला कामसू. टायपिंग शिकलेली होते म्हणून लग्नानंतर उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये नोकरी लागली. कप, शिल्ड आणि बिल्ले बनवणाऱ्याचं दुकान. मालक सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणायचे. पुढे दुकान, मागे कारखाना. कॅम्पात काय बनत नाही सांगा? नमुना आणून द्यायचा आणि हुबेहूब तसाच दुसरा घेऊन जायचा.

आणि घरी मामंजी, माझे सासरे. फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची गाडी काही दिवसांसाठी दुसऱ्या पलटणीला जोडून दिली होती. तिथे गाडी उलटली, पाय कामातून गेला, इस्पितळात पडून राहिले आणि तिथूनच घरी आले. त्या लढाईत जे होते त्यांना दोन-दोन पदकं मिळाली, एक स्टार आणि एक गोल. मामंजींना नाही. त्यांची मूळ पलटण म्हणाली तिकडे नोंद असेल, ती पलटण म्हणाली हा आमचा माणूस नाही. झालं. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या नोंदवहीत, लढाईचा उल्लेखच नाही.

मग काय बिघडलं एवढं? — मीही मनात असंच म्हणायचे. पण सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात माजी सैनिक पहिल्या रांगेत बसायचे, छातीवर पदकं लावून. मामंजींकडे जुनं एकच होतं, लढाईच्या आधीचं. गावातल्या एका सुभेदारांना थट्टेची भारी हौस. दरवर्षी तेच — काय ड्रायव्हरसाहेब, लढाईच्या टायमाला सुट्टीवर होता का? लोक हसायचे. मामंजीही हसायचे. घरी आले की मात्र ताटावर बसायचे नाहीत, भूक नाही म्हणायचे.

म्हणून अर्ज. रविवारी सकाळी आंघोळ करून खुर्ची ओढून बसायचे. सूनबाय, लिव. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव. मी लिहून घ्यायचे, दुकानात जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीत टाइप करायचे आणि टपालात टाकायचे. उत्तराचा पत्ता दुकानाचाच दिलेला. उत्तर काय, तर प्रकरण विचाराधीन आहे. की पुढच्या रविवारी पुन्हा — सूनबाय, लिव.

आता खरं बोलायचं तर मला त्यांची दया आली होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. पण तुम्हीच सांगा, दया अशी असते का? बादलीत कपडे भिजलेले, मांडीवर पोर रडतंय, नवरा आनंदनगरच्या फॅक्टरीत ओव्हरटाइमला, आणि म्हातारा मला गाडी कुठल्या वळणावर उलटली ते परत पहिल्यापासून सांगतोय. मला कंटाळा आला होता हो. दयेचं नाव नंतर दिलं.

नव्वद साल उजाडायचं होतं. झेंडावंदनाच्या आधी तेच सुभेदार आमच्या दुकानात आले, पदकांना पॉलिश करायला आणि नव्या फिती लावायला. त्यांची पदकं टेबलावर ठेवून गेले. त्यात ती दोन होती. मी किती वेळ बघत बसले, आणि मग साईंना म्हटलं, ह्या दोन्हींचा साचा काढता येईल का? शाळेच्या नाटकासाठी हवीत. साईंनी चष्म्यावरून बघितलं. बेटी, नाटक के लिए ही ना? मी हो म्हटलं. मग कडेवर कोरायला मी मामंजींचा नंबर आणि नाव लिहून दिलं — नंबर मला तोंडपाठ होता. नाटकातल्या शिपायाला कोण नंबर कोरून घेतं? त्यांना कळलं असणार. कागद घेऊन ते मागे कारखान्यात गेले.

डबी मी खाकी कागदात बांधून घरी आणली. म्हटलं, मामंजी, दुकानाच्या पत्त्यावर आलंय. त्यांनी पदक हातात घेतलं, कडेवर बोट फिरवलं. बारीक अक्षर डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला नंबर लागला. आणि रडायला लागले. म्हणाले, सूनबाय, मी लढाईला गेलोच नव्हतो की काय, असा वाटाया लागला होता मना. त्या वर्षी ते पहिल्या रांगेच्या मधोमध बसले. सुभेदारांनी थट्टा केली नाही. रविवारची सकाळ मला मोकळी मिळाली, आणि सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

इथेच संपलं असतं तर? एका म्हाताऱ्याला खोट्याने खूश केलं म्हणून कुणी मला फाशी दिली नसती. पण उन्हाळ्यात दुकानाच्या पत्त्यावर पत्र आलं. खरं. रेकॉर्ड ऑफिसचं. नोंद दुरुस्त करता येईल, म्हणे. मूळ डिस्चार्ज बुक पाठवा आणि त्या वेळी सोबत असलेल्या एका माणसाचं लेखी निवेदन द्या. बस, एवढंच. आणि तो माणूस होता — कान्हू, बारवी धरणाकडच्या वाडीतला, त्या दुसऱ्या पलटणीतला शिपाई, गाडीत मामंजींच्या शेजारी बसलेला. एसटीने गेलं असतं तर दुपारपर्यंत परत आले असते मी.

पण डिस्चार्ज बुक मागू कुठल्या तोंडाने? पदकं तर येऊन छातीवर लागली होती. सांगायला हवं होतं. मामंजी, ती खोटी आहेत, आता खरी येतील, असं. रागावले असते, महिनाभर बोलले नसते, पण नोंद झाली असती. मी पत्र घरी आणलं आणि सकाळी पाणी तापवताना बंबात घातलं. त्याच पाण्याने मामंजींनी आंघोळ केली.

पुढे काही वर्षांनी अंबरनाथला कार्यक्रम झाला, लढाईवर गेलेल्या सगळ्या माजी सैनिकांचा सत्कार. नावं सरकारी यादीतून वाचायची होती. मामंजी कोट घालून, पदकं लावून बसले. मी सोबत होते. एकेक नाव पुकारलं जायचं, माणूस उठून शाल-नारळ घ्यायचा. प्रत्येक नावाला मामंजी खुर्चीच्या कडेवर सरकायचे, काठी उभी धरायचे. सुभेदारांचं नाव झालं. शेवटचं नाव झालं. मग आभार सुरू झाले तरी ते तसेच काठी धरून बसलेले. सुभेदार वळून बघत होते. ह्या वेळी थट्टेने नाही, आणि ते मला जास्त लागलं.

येताना एसटीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. तर मामंजी माझीच समजूत घालायला लागले. लिस्ट जुनी आसंल. तू मनाला लावून घेऊ नको. तू केलंस तेवढा पोटच्या पोरानं पण केला नसता.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? शेजारी बसले होते. बदलापूर यायला वेळ होता. मी म्हटलं, हो, जुनीच असेल.

रविवारी ते परत खुर्ची ओढून बसले. सूनबाय, लिव — पदकं मिळाली, आभारी आहे, फक्त नोंद राहिली आहे. मी लिहून घेतलं. टाइपही केलं, एकही चूक न करता. पाठवणार कसं? पदकं मिळाली म्हणजे कुणी दिली, हा पहिला प्रश्न आला असता. तेही बंबात गेलं. त्यानंतर मी कामावरून आले की ते ओट्यावर बसलेले असायचे. दुकानात काय आलाय का? नाही, मामंजी. बरं. रोज. ते गेले त्या आठवड्यातही विचारलं होतं.

दहाव्याला कान्हू आला, वाडीवरून पायी. घाटावर बसून सगळ्यांना सांगत होता, गाडी उलटली तेव्हा ह्यांनी आधी मना भाईर ढकलला आन् मग सोता अडकले. हे मामंजींनी मला कधीच सांगितलं नव्हतं. इतके रविवार सांगत होते, तरी एवढं वगळून. मग घरी पदकांची डबी हातात घेऊन कान्हू म्हणाला, बरा झाला मिलाली. मना कुनी इचारला आसता तं मीच येऊन आंगठा दिला आसता. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी त्याला चहा दिला.

कान्हूही आता नाही.

पदकं नवऱ्याने फ्रेम करून दर्शनी खोलीत लावलीत. मुलामा कडेने उडायला लागलाय, नंबर मात्र स्पष्ट वाचता येतो. डिस्चार्ज बुक कपाटात आहे, त्यात लढाई नाही. सव्वीस जानेवारी जवळ आली की नवरा म्हणतो, बाबांची पदकं जरा पुसून ठेव. मी पुसते.