कुणकेश्वराहून कुर्ली आणली, त्याची हकिकत

खारेपाटणच्या स्टँडवरून सकाळची देवगड गाडी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर पत्र्याची पेटी होती आणि पेटीत दोन कोरे मुद्रांक कागद, टाक व शाईची दौत असा माझा संपूर्ण व्यवसाय होता. शेजारी माझा मेहुणा दत्ताराम बसला होता. आखातात, समुद्रापासून दूर वाळवंटातल्या एका शहरात त्याने आठ वर्षे श्रीमंतांच्या मोटारी दुरुस्त केल्या. पण गॅरेजच्या फाटकाबाहेर त्याला एकही नेऊ दिली नव्हती. आता ती सर्व कमाई एका जुन्या इटालियन शर्यतीच्या मोटारीवर लावावयास तो निघाला होता. गाडी चांगली निघाली, तर ती दाराशी उभी करून गावातच गॅरेज काढायचे. वाईट निघाली, तर पुन्हा आखात. मी खरेदीखत लिहावयास सोबत होतो. कचेरीच्या आवारात बावीस वर्षे मी अर्ज व दस्तऐवज लिहीत आहे आणि शिक्षण सातवीपर्यंतच असूनही माझा मसुदा वकिलांनी क्वचितच फिरविला आहे, हे येथे नमूद करतो.

समोरच्या बाकावर एक मासेवाली रिकामी टोपली घेऊन बसली होती. तिने माझी पेटी व छत्री न्याहाळली.

"भटजीनू, खंय लगीन लावूक चललास?"

"मी अर्जनवीस आहे," मी म्हणालो. "कुणकेश्वरास मोटार खरेदीचा दस्त करावयाचा आहे."

"तांडेलाची कुर्ली? घेवा, घेवा. धावता बरी. वास तेवडो जावचो नाय."

कुर्ली म्हणजे मोठा खेकडा. हे नाव का पडले, ते पुढे समजले.

देवगडास गाडी बदलून आम्ही उन्हे चढता चढता पोहोचलो. उतारावरून आधी देवळाचा कळस दिसला, मग पांढरी वाळू, आणि तिच्यापलीकडे डोळे मिटावेत इतका लख्ख समुद्र. जानू तांडेल (होडीचा मुख्य) वाटेवरच उभे होते. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. गाडी त्यांच्या मुलाने जहाजावरून आणली, दोन वर्षे फिरविली. मग तो परदेशीच राहिला आणि गाडी बापाच्या नावे झाली.

"इलास? पाणी घेवा," म्हणून ते आम्हांस मांगरात (होड्यांच्या शाकारलेल्या शेडीत) घेऊन गेले. दोन होड्यांच्या मध्ये, माडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवलेली ती मोटार. तांबडीलाल, बसकी, इंजिन पाठीमागे. तांडेलांनी कळ दाबताच पुढचे दिवे झाकणासह वर उठले, अगदी खेकड्याच्या डोळ्यांसारखे. आणि मासेवालीने सांगितलेला वासही आला.

दत्ताराम जमिनीवर उताणा झाला. तळास बोटभर जाड, चिकट थर होता.

"ह्या काय लावलास, तांडेलानू?"

"माशाचा तेल. होडयेक लावतंव ता. पावसाआधी गाडी वर काढूची आणि तेल लावूचा. नायतर मीठ लोखंड खाता. आखातात होतस ना तू? इतक्या म्हायत नाय?"

"थयसर रेती होती. मीठ नाय."

मग गाडी उन्हात लोटून दत्तारामने इंजिन सुरू केले आणि ऐन दुपारी अर्धा तास चालू ठेवले. थंड वेळी कोणतेही इंजिन गोड बोलते, असे त्याचे मत. तापाचा काटा मधल्या रेघेवर आला आणि तेथेच राहिला. तरी त्याचा चेहरा खुलेना.

"भावजी," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "इंजिन सोन्यासारखा आसा. पण तेलाखाली काय आसा, ता माका दिसणा नाय."

"काळजी नको. 'सदर वाहन सर्वतोपरी निर्दोष आहे' असे कलमच घालतो."

"कागदान पत्रो भरता काय, भावजी?"

मी पेटी उचलली. ओसरीवर बसून दस्त लिहिला आणि वाचून दाखविला. तांडेलांनी लक्षपूर्वक ऐकला.

"अक्षर बरा आसा," ते म्हणाले. "पण सही देवळातसून इल्यार."

तेथे होडी विकायची तर जुना मालक देवासमोर गाऱ्हाणे घालतो व होडीचे बरे-वाईट सांगतो. घेणाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय व्यवहार होत नाही. गाडीसही तोच नियम. आतून कालवणाचा वास येत होता; मी तिकडे पाहिले.

"बांगडे देवाकडसून इल्यार," तांडेलांच्या सुनेने आतूनच सांगितले.

देवळात गारवा होता. होड्यांवरचे तीन-चार जण सोबत आले होते. तांडेलांनी नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा कुणकेश्वरा, आज ह्यो खारेपाटणचो दत्ताराम तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"माझ्या झिलान हाडलेली गाडी घेता हा. इंजिन बरा आसा, ता तेणा स्वता ऐकल्यान."

"व्हय म्हाराजा."

मग तांडेल थांबले. जोडलेले हात थोडे खाली आले.

"घरकारीण हातरुणार होती, त्या वर्षा माझ्या हातसून तेल लावूक झाला नाय. ड्रायव्हराच्या पायाखालचो पत्रो मिठान खाल्लो. तेच्यार मी होडयेचो तांब्याचो पत्रो मारलंय आणि वर तेल फासलंय. ह्या मी तेका सांगूक नाय, म्हाराजा. आता सांगतंय."

कोणीच 'व्हय' म्हटले नाही. सगळे दत्तारामकडे पाहू लागले. बाहेर लाट फुटून वाळूवर पसरल्याचा आवाज आला.

"आणखी खंय, तांडेलानू?" त्याने हळूच विचारले.

तांडेल मागे वळले नाहीत. "खंय नाय. देवासमोर उभो आसंय."

दत्तारामने एकदा जमिनीकडे पाहिले आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा."

मीही म्हणालो. सरकारी कामकाजाबाहेर इतक्या मोठ्याने मी सहसा बोलत नाही.

परत आल्यावर मी पहिला दस्त फाडला आणि दुसऱ्या कागदावर लिहिले: 'चालकाच्या पायाखालील पत्रा गंजलेला असून ही बाब विक्री करणाराने स्वमुखे सांगितली व घेणारास मान्य आहे.' बावीस वर्षांत असे कलम माझ्या हातून प्रथमच उतरले. तांडेलांनी सही केली आणि डोळे पुसले. सुनेने धुराला बोल लावला. मग उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे तिखले व सोलकढी. यापुढे मसुदा जेवणानंतर करावा, असे वाटले.

निघताना तांडेलांनी गाडीच्या पाठीवर हात ठेवला व होडी लोटावी तशी ती थोडी लोटून दिली. आत मी जवळजवळ निजूनच बसलो होतो. पेटी पोटावर, छत्री खिडकीबाहेर. एका मोरीच्या उंचवट्यावर तळ खरवडला. दत्ताराम उतरला, वाकला आणि हसत परत आला.

"तांबा वाजला. तांब्याशेजारी लोखंड आणखी गंजता, ता तेंका म्हायत नाय. पयलो पत्रो मी तोच बदलतंय."

"आणि बाकीचे?"

"बाकीचा तेलान राखल्यान हा. वाळवंटातल्या मोटारींचो तळ इतको बरो नव्हतो, भावजी."

सांजेला आम्ही दारात उभे राहिलो. माझी पत्नी बाहेर आली व नाक मुरडून भावास म्हणाली, "मासे हाडलंस?"

"नाय गो बाय. गाडी."

गॅरेज आता सुरू आहे. त्या खरेदीनंतरच्या सोमवारी माझ्या टेबलाशी एक शेतकरी म्हैस विकल्याचा कागद करावयास आला. सवयीने मी 'निर्दोष' लिहिणार होतो. पण टाक खाली ठेवला.

"म्हशीत खोड काय आहे?"

त्याने मान वर केली. "माका देवळात उभो केलास काय?"

"तसे समज."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि सांगावयास सुरुवात केली.