डावीकडची गिटार

मी असले गूढ अनुभव जेवताना वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. नागपूरच्या मिहानमध्ये एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. कोणी म्हणालं की रिकाम्या खोलीतून आवाज येतो, तर मी आधी विचारतो, नळ बंद केला होता का? त्यामुळे हे लिहायला बसताना मलाच माझी लाज वाटते आहे. बायको म्हणाली, लिहून टाक, नाहीतर मलाच रोज सांगत बसशील. म्हणून लिहितोय.

आमचा नागपुरातल्या रॉक ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. पंधरा-सोळा जण, सगळे चाळिशीच्या पुढचे, केस कमी आणि मतं जास्त. दर रविवारी हजेरी लागते. प्रत्येकानं लिहायचं – "सध्या", आणि पुढे त्या आठवड्यात जो अल्बम ऐकला तो, सोबत एखाद-दुसरी ओळ. मग भांडणं सुरू. अमक्याचा ड्रमर चांगला की तमक्याचा, पहिली साईड भारी की दुसरी. नियम एकच – खरंच ऐकलं असेल तरच लिहायचं.

हा नियम मी सात महिने मोडत होतो.

झालं असं, की गेल्या दिवाळीच्या आसपास एका सकाळी उठलो, फोन डाव्या कानाला लावला आणि पलीकडे कोणीच नाही. दोनदा "हॅलो" ओरडलो. उजव्या कानाला लावला तर बॉस बोलून राहिला होता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नस गेली, आता हा कान परत येणार नाही. कानात उरली फक्त एक बारीक शिट्टी, चोवीस तास.

ज्यांना रॉक आवडत नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण अहो, या जुन्या अल्बमांमध्ये अर्धी मजा डाव्या-उजव्याची असते! एक गिटार इकडून विचारते, दुसरी तिकडून उत्तर देते. आणि ग्रुपमध्ये मी "कानवाला" होतो. कोणतं वाद्य कोणत्या बाजूला आहे ते मी डोळे मिटून सांगायचो, आणि त्याचा मला माजही होता. आता एका कानानं ऐकायला बसलो की पाच मिनिटांत मी हेडफोन काढून ठेवायचो. पण ग्रुपवर सांगायची हिंमत झाली नाही. जुने अल्बम आठवून "सध्या" म्हणून टाकत राहिलो. "पिवळ्या कव्हरवाला परत काढला, काय बेस आहे!" वगैरे. घडाघडा खोटं.

माझं खोटं कोणाच्या लक्षात आलं नाही, पण एका माणसाचं "सध्या" सगळ्यांना खटकायचं, ते म्हणजे वर्षाताईंचं. वर्षाताई बँकेतून रिटायर झालेल्या, मनीषनगरला राहतात, ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या. वर्षभर त्यांचं "सध्या" एकच – एका कॅसेटचा फोटो. कॅसेटवर बॉलपेननं लिहिलेलं, "लोडशेडिंग, ६ गाणी". लोडशेडिंग म्हणजे त्यांच्या यजमानांचा, सुधीरदादांचा कॉलेजातला बँड. दादांना दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, एवढं आम्हाला माहीत होतं. ते बँडमध्ये काय वाजवायचे ते कोणी विचारलं नव्हतं. नोकरी लागल्यावर त्यांचं वाद्य माळ्यावर गेलं होतं, आणि ग्रुप झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आम्ही कोणीच त्यांना वाजवताना ऐकलेलं नव्हतं.

"ताई, नुसता फोटो काय दाखवता, ऐकवा की," असं सगळे चिडवायचे. शेवटी मे महिन्यात त्यांनी कॅसेट विनूदादाकडे दिली. विनूदादाचं सदरला अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, कॅसेट डेक अजून चालू ठेवलेला नागपुरातला बहुतेक तो एकटाच. त्यानं कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि एका शनिवारी दुपारी ग्रुपवर टाकली.

नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी जेवून कूलरसमोर चटईवर पडलो होतो. वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास, पंख्याची घरघर, पडदे ओढलेले, त्यामुळे खोलीत पाण्याखाली असतो तसा उजेड. म्हटलं, ताईंचं आहे, निदान हे तरी खरं ऐकून लिहू. दोन्ही कानांवर हेडफोन चढवला, सवयीनं.

पहिली दोन गाणी बरी होती. पोरांचा आवाज कोवळा, ड्रम जरा पुढे पळतोय, सगळं उजवीकडून येत होतं. आपला कानच एक, म्हणून उजवीकडून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोळे जड व्हायला लागले. तिसरं गाणं सुरू झालं, आणि कानातली शिट्टी थांबली.

सात महिन्यांनी थांबली! इतकं शांत वाटलं म्हणून सांगू... कोणीतरी कपाळावर ओला रुमाल ठेवावा तसं. आणि त्या शांततेत डावीकडे एक गिटार वाजत होती.

ती गाण्यावर कुरघोडी करत नव्हती. गाणारा एक ओळ म्हणायचा आणि ही शेजारच्या खोलीतून "हो, आले" म्हटल्यासारखं दोन सूर द्यायची. दुसऱ्या कडव्यानंतर सगळे थांबतात, तिथे ती एकटीच हळूहळू वर चढत गेली. वर पोहोचली, थबकली, आपण वर कशाला आलो होतो तेच विसरल्यासारखी, आणि वेगळ्याच वाटेनं खाली उतरली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून चटईवर पडत होतं. आश्चर्य मात्र जराही वाटलं नाही. गेलेलं माणूस स्वप्नात शेजारी बसून चहा पितं तेव्हा आपल्याला वाटत नाही, तसंच.

गाणं संपलं तसा मी फोन उचलून ग्रुपवर लिहिलं, "सध्या: लोडशेडिंग. ताई, डावीकडची गिटार कोणाची? तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर एकटी फिरून येते ती... वेडा झालो." आणि झोपून गेलो.

विनूदादाच्या फोननं जाग आली. शिट्टी परत सुरू झाली होती.

"काय गा मंगेश, काहून लिहिलं तू ते?"

"का, काय झालं?"

"डावीकडे काहीच नाही गा त्या टेपमधी. सपाट रेघ. मी आत्ता स्क्रीनवर पाहूनच बोलून राहिलो. ताईंनी सांगितलं होतं, हात लावू नको, आहे तसंच टाक, म्हणून तसंच टाकलं. तू ऐकलंच नाही ना? न ऐकताच लिहून टाकलं!"

सात महिने न ऐकता लिहिलं तेव्हा पकडला गेलो नाही, आणि एकदा ऐकून लिहिलं तर चोर ठरलो.

"आणि ताईले काय वाटलं असेल याचा तरी विचार कराचा होता," तो म्हणाला. "ताईनं आत्ताच फोनवर सांगितलं, ती डावीकडची गिटार सुधीरदादाची होती."

मी हेडफोन तपासला. डावं-उजवं उलटं घातलं होतं का? नाही, उलटं असतं तर मला काहीच ऐकू आलं नसतं. फाइल उघडून पाहिली. खरंच, डावी बाजू कोरी. तिसरं गाणं परत लावलं, पाच वेळा लावलं. डावीकडे शिट्टी, बाकी काही नाही. मी हेडफोन काढून लांब ठेवला.

तेवढ्यात ताईंचा फोन. मी माफी मागायला लागलो, त्यांनी मला तोडलं. "उद्या सकाळी घरी ये," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

रविवारी नऊला मनीषनगरला पोहोचलो. सुधीरदादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. ताईंनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"आधी हे ऐक," म्हणाल्या. "ती टेप त्यांनी दोन माईकवर केली होती. उजव्यावर सगळे, डाव्यावर फक्त हे. मूळ कॅसेट ड्रमरकडे होती, त्याच्या वडिलांनी तिच्यावर भजनं टेप करून टाकली. राहिली माझी कॉपी. ती मी केली होती, लग्नाच्या आधी, आमच्या घरी, चोरून. आणि दोन डेक जोडणाऱ्या वायरची पिन अर्धीच बसली होती. एक बाजू आलीच नाही. माझ्याच हातानं गेलं ते." त्यांनी दादांकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणतात, ओळखीचं गाणं ऐकवा, कधीकधी त्यानं माणूस बोलतं. वर्ष झालं, रोज लावते. हे रोज तोंड फिरवतात. फिरवतीलच ना! त्यात सगळे आहेत, हेच नाहीत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मले ती गिटारची धून आठवते, पण तोंडात येत नाही. आता तू सांग. खोटं तर बोलून नाही राहिला ना? विनू म्हणते, तू मजाक केली."

तेव्हा मी बोललो. बायको सोडून पहिल्यांदाच कोणाला तरी. "ताई, माझा डावा कान दिवाळीपासून बंद आहे. पूर्ण. मी महिनोन्‌महिने काही ऐकलेलं नाही, ग्रुपवर खोटं लिहितो. पण काल ऐकलं. डाव्याच कानानं."

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मग तर तुले ऐकू येऊच शकत नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

"म्हणून दाखव."

आता मी असा बेसूर, की आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवतो. आणि रात्रभरात ते निम्मं निसटलं होतं, स्वप्न निसटतं तसं. ताईंनी तिसरं गाणं लावलं. दादांनी शांतपणे तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसरं कडवं संपलं, सगळे थांबले, आणि मी डोळे मिटून गुणगुणायला लागलो. तीन-चार सूर गेलो असेन, तोच फाट्‌कन आवाज झाला.

दादांनी डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर थाप मारली होती. ते माझ्याकडे बघत होते, रागानं.

"चुकलं?" मी विचारलं.

परत थाप.

मी परत सुरू केलं, एक सूर खाली. थाप नाही. पुढे गेलो. दादांची डावी बोटं खुर्चीच्या हातावर वळवळायला लागली, पण लाकूड जाड, पकडीत येईना. ताई उठल्या, त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि आपला हात मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या पंजाखाली दिला. दादांनी तो धरला. अंगठा मागे, चार बोटं पुढे, आणि गिटारच्या दांड्यावर दाबावेत तसे ताईंच्या हातावर सूर दाबायला लागले. मी बोटांकडे बघत म्हणत होतो. बोटं वर सरकली की वर, खाली आली की खाली.

वर पोहोचलो, आणि मला पुढचं आठवेना. ती उतरायची वाट... गेलीच डोक्यातून. मी थांबलो. गाणंही संपून गेलं होतं.

दादांच्या घशातून आवाज आला. आधी नुसती घरघर, मग सूर. तोंड वाकडं, ओठ मिटत नव्हते, पण त्यांनी ती उतरण पूर्ण म्हटली. आणि ती तीच होती, मंडळी! शनिवारी दुपारी मी चटईवर ऐकलेली. ऐकताक्षणी ओळखली.

ताई हुंदके देत होत्या, पण हात त्यांनी काढला नाही. बोटांचे लाल ठसे उमटले होते हातावर.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. कानाचे डॉक्टर म्हणतात, ऐकू येणं बंद झालं की मेंदू पदरचं भरतो. बरं, भरतो. पण माझा मेंदू सुधीरदादांनी चाळीस वर्षांपूर्वी वाजवलेलं कुठून आणून भरतो? विनूदादा म्हणतो, उजव्या बाजूत थोडं मिसळलं असेल. त्यानं आवाज वाढवून वाढवून पाहिलं, सापडलं नाही. मी टेस्टर आहे, हे सगळं लिहून ठेवलंय आणि समोर "कारण: माहीत नाही" असं लिहिलंय. असं लिहायला मला अजिबात आवडत नाही. डावा कान त्यानंतर एकदाही उघडलेला नाही. अजूनही शनिवारी दुपारी चटईवर पडून बघतो... शिट्टीच.

गेल्या रविवारी हजेरीच्या वेळी ताईंनी पहिल्यांदा कॅसेटचा फोटो टाकला नाही. एक छोटं रेकॉर्डिंग टाकलं. माळ्यावरची गिटार खाली काढली, नवीन तारा लावल्या. डावा हात दादांचा, आणि तारा छेडायला उजवा हात ताईंचा. अडखळत, थांबत, तेच वर चढणं आणि तेच वेगळ्या वाटेनं उतरणं. शेवटी दादांचा आवाज, जड जिभेनं – "पुन्हा."

मी ते चार वेळा ऐकलं आणि मग हजेरी लावली. "सध्या: हेच. डावा कान गेलाय माझा, दिवाळीपासून. उजव्यानं ऐकलं."