मांजराला विचारून

टीपमावशी मांजराला विचारल्याशिवाय दार उघडत नाही, अशी कुजबूज एकदा त्या इमारतीत उठली, आणि उठली ती थेट तिच्या समोरच्या दारातून. त्या दारात राहणाऱ्या बाईंना सगळे 'समोरची' म्हणत. नाव साजेसं होतं, कारण कोणाच्याही घरात काही घडलं की त्या समोर असायच्याच.

"माझ्या या डोळ्यांनी बघितलंय," समोरची जिन्यात उभी राहून सांगायची. मावशीची एक खिडकी जिन्याकडे उघडायची आणि तिचा पडदा आखूड होता. शिवणाऱ्याच्या घरचा पडदा नेहमी आखूडच असतो. "बेल वाजायच्या आधी ते मांजर उठतं आणि दाराकडे तोंड करतं. मग मावशी उघडते. पण येणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं असलं ना, की मांजर ढिम्म! तो विमावाला बघा. बेल दाबून दाबून बोट झिजलं बिचाऱ्याचं. मांजर हललं नाही. आता काय समजायचं ते समजा."

लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. त्या दिवसापासून विमावाल्याला इमारतीत कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

ही मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. टीपमावशी तेव्हा साठीला टेकली होती. लग्न केलं नव्हतं, का केलं नव्हतं यावर समोरचीकडे तीन कथा होत्या, तिन्ही एकमेकींशी न जुळणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. लाकडी फळ्यांची जमीन, खिडकीशी पायाचं शिलाई मशीन, मध्ये कापडं बेतायचं टेबल, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, झिजलेली कॉलर उलटी लावणं, ही तिची कामं. उसवलेल्याला टीप घालते म्हणून टीपमावशी.

आणि ही टीपमावशी भ्यायलेली होती. सकाळी डोळा उघडल्यापासून मिटेपर्यंत भ्यायलेली.

तिचे कान जात चालले होते. एकदम गेले असते तर एकदाची रडून मोकळी झाली असती. पण ते जुन्या भाडेकरूसारखे जात होते, आज एक गाठोडं, उद्या एक ट्रंक. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग चहाचं आधण. मग एक दिवस दाराची बेल गेली, आणि ती गेल्याचं मावशीला गिऱ्हाइकांनी "काय हो, परवा घरी नव्हता?" असं विचारायला लागल्यावर कळलं.

हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यासाठी तिने युक्त्या योजल्या होत्या. माप घेताना ओठांत टाचण्या धरायच्या. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं. खाली बसून पँटीची पट्टी दुमडताना आरशात त्याचे ओठ वाचता येतात. आणि काहीच कळलं नाही तर म्हणायचं, "बघू." या एका शब्दावर तिने दोन वर्षं संसार रेटला होता. "मंगळवारपर्यंत होईल का?" बघू. "बरी आहेस ना?" बघू. माणसं ती जरा तुसडी झाली म्हणायची, बहिरी झाली असं कोणाच्या मनात यायचं नाही.

एवढी लपवाछपवी कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तिच्या धाकट्या भावासाठी. भाऊ चांगला होता, आणि तीच मोठी भीती होती. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसापुढे मुकाट सामान बांधावं लागतं. ताईला ऐकू येत नाही असं कळलं असतं तर त्याने तिला त्याच आठवड्यात आपल्या घरी नेलं असतं. तिथली तिची जागासुद्धा त्याने दाखवून ठेवली होती: फ्रिज आणि मोरीचं दार यांच्यामध्ये घडीची कॉट. "इथे तुला काही कमी पडणार नाही ताई," तो म्हणाला होता, आणि तेवढ्यात वहिनीने येऊन त्याच जागी केरसुणी उभी केली होती. मशीन गॅलरीत ताडपत्रीखाली राहणार होतं. मावशीला ती केरसुणी स्वप्नात दिसायची.

भीती होतीच, पण तिला तोंड फुटलं ते एका दुपारी. मावशी मशीनवर होती, दार वाऱ्यासाठी लोटलेलं. खालच्या मजल्यावर पाणी झिरपतंय म्हणून नळवाला वर आला. त्याने बेल दाबली, हाक मारली, पुन्हा मारली, शेवटी आत आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ओळखीचा, गरीब, भिडस्त माणूस. पण मावशीच्या लेखी तो भिंतीतून आला होता. सुई बोटाच्या नखातून आरपार गेली. ती किंचाळली ते सगळ्या इमारतीने ऐकलं, नीट ऐकू आलं नाही ते फक्त तिला. बिचारा नळवाला पाना टाकून पळाला, आणि समोरचीने त्या दोघांवर चौथी कथा रचली.

मावशीच्या मनात मात्र एकच गोष्ट घर करून बसली. पाठीमागे कोणीही येऊन उभं राहू शकतं. आत्तासुद्धा उभं असेल. ती टीप घालता घालता मागे बघायची, पुन्हा बघायची. शिवण वाकडी जायला लागली. तिने दाराला कडी घातली, वर साखळी लावली. झालं, आगीतून उठून फुफाट्यात. कडी घातली की बेल ऐकू येईना, आणि कडी काढली की जीव थाऱ्यावर राहीना.

अशात भाऊ येऊन गेला. बेल वाजवून, दार बडवून दमला. शेवटी समोरचीने जिन्याकडच्या खिडकीतून लांब काठी आत घालून मावशीच्या पाठीला टोचली तेव्हा कुठे दार उघडलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं ताई, मला वाटलं तू... किती वेळ बडवतोय मी!"

"बाथरूममध्ये होते."

"काठी तुला मशीनवर टोचली! आणि मागच्या वेळीही बाथरूममध्येच होतीस. तिथेच राहायला गेलीस का?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. मग तिच्यासमोर बसून एकेक शब्द सावकाश बोलला, म्हणून तिला सगळं कळलं. "हे बघ, मी पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही. वेळेवर दार उघडलंस तर ठीक. नाही उघडलंस तर त्याच दिवशी टेम्पो बोलावतो."

त्या दिवसापासून मावशी जीव मुठीत धरून दाराकडे तोंड करून बसायला लागली. पण मशीन उजेडाकडे आणि दार अंधाराकडे. दाराकडे बघत दोरा ओवता येत नाही. बेलला दिवा जोडून घ्यावा तर वायरमन समोरचीचा भाचा. कानाचं यंत्र लावावं तर ते भावालाच आधी दिसणार. कुत्रा पाळावा तर तो भुंकणार, आणि भुंकणं ऐकायला कान लागतात.

उत्तर सापडलं लाँड्रीत. लाँड्रीवाला तिला उसवलेले कपडे द्यायचा. त्याच्या गठ्ठ्यांमागे एक मांजर व्यायलं होतं. मावशी उभी असताना त्या मांजराचा एक कान अचानक मागे वळला, दार बंद करावं तसा. मग दुसरा वळला. मग मागच्या दाराने लाँड्रीवाल्याची बायको आत आली. मावशी बघतच राहिली. ते कान बोलत होते, आणि डोळ्यांनी वाचता येत होते.

"पिल्लू हवंय का मावशी?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

मावशी दोन पावलं मागे सरकली. कारण जगात तिला मांजराइतकी भीती कशाचीच वाटत नव्हती. लहानपणी माळ्यावरून एक बोका तिच्या छातीवर पडला होता, तेव्हापासून. आणि आता तर ज्याचं पाऊल शाबूत कानांनाही ऐकू येत नाही, ते जनावर बहिऱ्या बाईने घरात आणायचं! पाठीमागे कोणी येऊ नये म्हणून, कायम पाठीमागून येणारंच पाळायचं!

"बघू," ती म्हणाली.

चार दिवस तिने डोकं शिणवलं. एका पारड्यात नखं, दुसऱ्यात केरसुणी. शेवटी केरसुणी जड झाली. ती लाँड्रीत गेली आणि लांब उभी राहून म्हणाली, "आठवडाभर ठेवते. नाही जमलं तर परत घ्यायचं. आणि अंगावर उडी मारणारं नको."

पिल्लं तशी चांगली वाढलेली होती. लाँड्रीवाल्याने वाफेची इस्त्री दाबली. फुस्स आवाजासरशी सगळी पिल्लं चार दिशांना उधळली. एक मात्र जागेवर बसून पंजा चाटत होतं. शुभ्र पांढरं, निळ्या डोळ्यांचं.

"ही बघा राणीसाहेब," लाँड्रीवाला म्हणाला. "जरा गर्विष्ठ आहे, हाक मारली तर ढुंकून बघत नाही. पण घाबरणं म्हणून माहीत नाही हिला."

मावशीला हायसं वाटलं. दचकत नाही, म्हणजे उडी मारणार नाही. तिने झाकणाच्या टोपलीत ती पांढरी घेतली आणि टोपली हातभर लांब धरून, बॉम्ब न्यावा तशी घरी आणली.

पहिला दिवस मावशी बेतायच्या टेबलावर पाय वर घेऊन बसली होती. मांजर खाली हिंडून सगळं हुंगत होतं. दुसऱ्या दिवशी तिने हिय्या करून मशीन सुरू केलं, तर मांजर येऊन पाय मारायच्या पट्टीच्या लोखंडाला हनुवटी लावून पसरलं. मावशीला पाय वर घ्यायचे होते, पण मशीन थांबवलं तर मांजर उठून वर बघायचं, म्हणून ती चालवतच राहिली. तिचं स्वतःचं शिवणंही आता तळपायांवरच होतं. सुई बोथट झाली की आधी पायांना कळायचं.

तिसऱ्या दिवशी तिला परीक्षा घ्यावीशी वाटली. मांजर पाठमोरं बसलं होतं. तिने मागून कात्री खाली टाकली. कात्री जमिनीवरच्या गादीच्या तुकड्यावर पडली. मांजराचे कान हलले नाहीत. तिने टाळी वाजवली. हलले नाहीत. डब्याचं झाकण हातात धरून त्यावर पळी बडवली. मांजर पंजा चाटत होतं. मग तिने पुढे होऊन, आयुष्यात पहिल्यांदा, मांजराच्या पाठीला बोट लावलं.

मांजर हातभर उडालं. हवेतच वळलं, शेपटी फुलवून टेबलाखाली शिरलं आणि तिथून डोळे विस्फारून बघत राहिलं.

मावशीने ते डोळे ओळखले. नळवाल्याचा हात खांद्यावर पडला तेव्हा आरशात तिचे स्वतःचे असेच दिसले होते.

ती मटकन खाली बसली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! इतक्या पिल्लांतून निवडून निवडून तिने बहिरं उचललं होतं, आणि तेही न दचकणारं हवं म्हणून. भावाला हसू आलं असतं, मग रडू, आणि मग टेम्पो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टोपली काढली. मांजर जमिनीला पोट लावून पडलं होतं. ती टोपलीचं झाकण उघडून वाकली, तेवढ्यात मांजराने मान वर केली. मग उठलं. चारही पाय ताठ, पाठीवरचे केस उभे. मावशीने टोपली छातीपुढे धरली. आता ही झेप घेणार! पण मांजर तिच्याकडे बघतच नव्हतं. ते बघत होतं दाराकडे.

दाराबाहेर कोणी आहे, का कोणीच नाही? मावशीला ऐकू येत नव्हतं, आणि मांजरालाही येत नाही हे तिने कालच बघितलं होतं. मग याने काय बघितलं? तिचे पाय अनवाणी होते. तिने श्वास रोखला आणि तळपाय फळीवर घट्ट दाबला. काही नाही. मग अगदी पुसट, दोन घरं पलीकडे कोणी मशीन चालवावं तसं: धप्. थांबून धप्.

ती दाराशी गेली. हात कडीवर गेला आणि तिथेच गोठला. बाहेर कोणी नसेल तर वेडी ठरली. कोणी भलता असेल तर मेली. आणि भाऊ असेल अन् उघडलं नाही तर गेली. तिने मागे बघितलं. मांजर तिच्याकडे बघत होतं, तेही तितकंच भ्यायलेलं.

मावशीने डोळे मिटून कडी-साखळी काढली आणि दार उघडलं.

बाहेर भाऊ. अंगाने भरलेला, तीन जिने चढून धापा टाकणारा. त्याचं बोट बेलपासून वीतभर लांब हवेतच राहिलं.

"अगं, मी अजून बेल दाबलीसुद्धा नाही!"

"मग दाब," मावशी म्हणाली. पडू नये म्हणून ती चौकट धरून उभी होती. भावाला ती ऐटीत उभी आहे असं वाटलं. जिन्यातल्या खिडकीशी समोरची होती. तिने मांजर उठताना बघितलं होतं, मावशीने वळून मांजराकडे बघितल्याचंही बघितलं होतं, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच.

भाऊ चहा पिऊन उठला. चपला घालताना तिच्याकडे पाठ करून काहीतरी बोलला. मावशीला त्याची हलणारी मान तेवढी दिसली. सगळं जमून आलेलं आता इथे फिसकटणार.

"बघू," ती म्हणाली.

भाऊ वळला. हसत होता. "बघू काय त्यात? ठेव की. मांजर ठेवणार का, एवढंच तर विचारलं. तुला सोबत झाली, मला घोर नाही."

तो गेला. टेम्पो आला नाही, ना त्या वर्षी, ना पुढे कधी. टोपलीत मावशी चिंध्या ठेवायला लागली. मांजराची भीती तिची पुरती कधीच गेली नाही. दोघी एकमेकींना शिवायच्या आधी समोरून येऊन तोंड दाखवायच्या. आणि समोरचीची बातमी तळमजल्यापर्यंत पोचली. एका घरात तर मुलीला बघायला येणारा मुलगा आधी मावशीच्या दारापुढून चालवून न्यायचा, असंही ठरलं होतं.

खरं एवढंच होतं. मावशीला ऐकू येत नव्हतं, मांजरालाही येत नव्हतं. जिन्यावरची जड पावलं लाकडी फळ्यांतून मांजराच्या पोटाला कळायची, ते दाराकडे तोंड करायचं, आणि ते बघून मावशी दार उघडायची. विमावाला सज्जन होता. तो अंगाने काटकुळा होता आणि रबरी तळव्यांचे बूट घालायचा.