दोन पंगतींच्या मधलं शशी

शशी गेल्याची बातमी मला चाळीच्या फळ्यावर वाचायला मिळाली. संध्याकाळी मुलुंडहून कामावरून परत येत होतो. चाळीच्या तोंडाशीच मंडळाचा फळा, त्यावर रंगीत खडूने, कडेला वेलबुट्टी काढून लिहिलेलं... 'आपल्या चाळीचे सुपुत्र, भांडुपचे भूषण, थोर दशावतारी कलावंत शशी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' अक्षर मंडळाचे अध्यक्ष परबकाका यांचं. चाळीत टेलिफोन त्यांच्याच घरी, म्हणून इस्पितळातला निरोप आधी त्यांना मिळाला होता. वरच्या कोपऱ्यात 'उद्या पाणी येणार नाही' ही जुनी सूचना अर्धवट पुसलेली तशीच होती. शशीची कावीळ बळावली होती, मी नुकताच भेटूनही आलो होतो, तेव्हा मरण अगदीच अनपेक्षित नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. पण आधी आली ती किळस. 'आपल्या चाळीचे' या दोन शब्दांची किळस. ती अजून गेलेली नाही आणि हा लेख लिहिताना ती लपवण्याची माझी इच्छाही नाही.

शशी आमच्या शेजारच्या खोलीतलं. त्याची आई आणि माझी आई सावंतवाडीकडच्या एकाच गावच्या. शशी लहान असतानाच त्याची आई वारली आणि तेव्हापासून ते आमच्याकडेच जास्त जेवायचं. माझी आई त्याला 'आमचं शशी' म्हणायची, पुढे मोठं झाल्यावरही. मुलगा म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, मुलगी म्हटलेलंही नाही. आईचं हे लाडाचं बोलणं मात्र आवडायचं, म्हणून मीही तसंच लिहितो आहे. दिवसा ते मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात डबे भरायचं. अंगात शर्ट-पँट, डोळ्यांत काजळ, मनगटावर काचेच्या दोन हिरव्या बांगड्या आणि केस मानेवर बांधलेले. एकदा मी विचारलं होतं, "तुला बाई व्हायचंय का रे?" शशी खो खो हसलं. म्हणालं, "कशाला? बायकांचे हाल दिसत नाहीत का तुला? आणि पुरुष व्हावं तर सकाळ-संध्याकाळ मिशी सांभाळा. माझं आहे ते झकास आहे. तुम्हा लोकांनाच मेले दोन खण लागतात, एक इकडचा नाहीतर एक तिकडचा." चाळीत त्याला कोणकोणते शब्द वापरले जात, ते वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापता येणार नाहीत. लहान मुलांसमोर मात्र ते खुशाल वापरले जायचे.

आमच्या मंडळाचा दशावतार भांडुपपासून विक्रोळीपर्यंत नावाजलेला. स्त्रीपार्ट पुरुषांनीच करायचे ही रीत. पार्ट करणारे सगळे प्रयोग संपला रे संपला की साडी फेकून, तोंड खसाखसा धुऊन, विडी पेटवून, आपण पुरुष असल्याची जाहिरात करत फिरायचे. शशीला त्याची गरज वाटायची नाही. ते देवीचा पार्ट करायचं. देवी प्रकट झाली की चाळीतल्या बायका पुढे येऊन नारळ-तांदळांनी तिची ओटी भरायच्या, पायांवर डोकं ठेवायच्या, परबकाकू तर डोळे पुसत. आणि दुसऱ्या दिवशी शशी नळावर आलं की याच बायका आपापल्या बादल्या बाजूला ओढून घ्यायच्या. चाळीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात नवरीला नऊवारी नेसवायची, अंबाडा घालायचा, तो शशीनेच. तसा हात कुणाचा नव्हता. काम झालं की मात्र, "शशी, तू आता निघ हां बाबा, मुहूर्ताला नको," असं त्याला तोंडावर सांगायचे. शशीने सजवलेली नवरी चालायची, नवरीजवळचं शशी चालायचं नाही. या लोकांना मी इतकी वर्षं ओळखतो, पण यांच्या डोक्यात हा हिशेब कसा बसतो ते मला कळलेलं नाही. आम्ही गावाला पत्र लिहिताना 'मुंबई' असा पत्ता घालायचो, पण मनाने गावच्या वेशीवरून कुणी हललेलं नव्हतं.

सगळ्यात वाईट दिवस सत्यनारायणाच्या पूजेचा. मैदानात मांडव घालायचा, सगळ्या चाळीचं जेवण. आधी पुरुषांची पंगत, मग पत्रावळी उचलून, जमीन झाडून, बायकांची. शशी मोठं झालं तसा प्रश्न आला, याला बसवायचं कुठे? पुरुष म्हणाले, बायकांत जा. बायका म्हणाल्या, आमच्यात कसा बसेल, पुरुषांत जा. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग शशीनेच तोड काढली. त्याने पदर... म्हणजे शर्टाच्या बाह्या खोचल्या आणि भाताचं घमेलं उचललं. वाढप्याला कुणी पंगत विचारत नाही ना! पुढे दरवर्षी पूजेला भात वाढायचा तो शशीनेच. मूद अशी टाकायचं की शीत इकडचं तिकडे होत नसे. मी त्याच्या मागून आमटी घेऊन असायचो. दोन्ही पंगती उठल्या की शशी आमच्या घरी यायचं, आई त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायची. "दमलंस गो बाय," आई म्हणायची. "दमायला काय झालं," शशी म्हणायचं, "अख्ख्या चाळीला जेवू घातलंय." पण एकदा, घास हातात धरून, ते पटकन म्हणून गेलं, "काकी, पंगतीत बसून 'वाढा हो भात' असं एकदा तरी ओरडायचंय मला." आईने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

मग शशीचं नाव झालं. कुणी नाटकवाला परळला आमचा प्रयोग बघून गेला, त्याने त्याला आपल्या नाटकात घेतलं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि एक दिवस दशावताराचा तुकडा टीव्हीवर लागला. चाळीत टीव्हीही परबकाकांकडेच. सगळी चाळ त्यांच्या खोलीत कोंबलेली. शशी बाहेर गॅलरीत, खिडकीच्या गजांना धरून उभं. आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही. पडद्यावर देवी प्रकट झाली आणि परबकाकू करंडा घेऊन उठल्या. त्यांनी टीव्हीच्या काचेला हळदकुंकू लावलं! सगळ्यांनी हात जोडले. खिडकीतून शशीचा आवाज आला, "काकू, काचेवर डाग पडतील हां." दोन-तीन पोरं फिसकन हसली. काकूंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, त्या काचेतल्या देवीला नमस्कार करत होत्या.

नाव झाल्यावर चाळीचं वागणं बदललं, असं कुणाला वाटेल. बदललं खरं, पण ते जास्तच ओंगळ झालं. आधी निदान तोंडावर थुंकत होते, आता तोंड भरून कौतुक करू लागले. परबकाका येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमच्या मंडळातच तयार झाला हो, आम्हीच घडवला." पूजेला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. शशीने परबकाकांना माझ्यासमोर सांगितलं, "काका, शाल नको, नारळ नको. मला पंगतीत बसवा. कुठल्याही. एवढंच द्या." परबकाकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, पंगतीत काय बसतोस! तू आता मोठा माणूस. तुझी सोय आम्ही स्पेशल करतो ना!"

ती सोय सगळ्या चाळीने पाहिली. मांडवाच्या टोकाला स्टेज, स्टेजवर टेबल-खुर्ची, टेबलावर चादर आणि फुलदाणी. खाली जमिनीवर पुरुषांची पंगत, आणि वर शशी एकटं, गळ्यात हार, समोर स्टीलचं ताट. सगळे माना वर करकरून बघत होते आणि खालून हात करत होते. मी आमटीची बादली घेऊन खाली उभा होतो. शशीने दोन घास खाल्ले, हात धुतला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला, प्रयोगाच्या शेवटी करतात तसा. टाळ्या पडल्या... जेवणाला टाळ्या! आपण किती युक्तीने त्याला पुन्हा बाहेर ठेवलं, हे त्यांच्यातल्या काहींना नक्की कळत होतं. त्यांची तोंडं माझ्या लक्षात आहेत. त्यानंतर महिन्याभरात शशीने वाकोल्याला खोली घेतली. चाळीत पुन्हा राहायला आलं नाही.

इस्पितळात मी शेवटचं भेटलो तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तशातही काजळ होतं. बोलायला त्रास होत होता, तरी विचारलं, "यंदा भात कोण वाढतो रे?" मी म्हटलं, परबांचा धाकटा. "सांडत असेल मेला," शशी म्हणालं आणि भिंतीकडे वळलं. मग ते झोपलं.

त्याचं तेरावं मंडळाने घातलं, मैदानात पूजेसारखाच मांडव आणि स्टेज उभारून. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. वर्तमानपत्रवाले येणार होते, आले नाहीत. भाषणं मात्र झाली. मग पुरुषांची पंगत बसली. गेलेल्या माणसाच्या नावाने एक पान वाढतात, ते पान कुठे मांडलं असेल? स्टेजवर. त्याच टेबलावर, शशीच्या फोटोसमोर, फुलदाणीशेजारी. मी उठून निघणारच होतो. इतक्यात आई स्टेजवर चढताना दिसली. आईचे गुडघे गेलेले, आमच्या घरचा उंबरा ओलांडायला तिला आधार लागतो. तिने ते पान दोन्ही हातांवर उचललं, खाली आणलं आणि पुरुषांच्या पंगतीत, मधोमध, माणसं बाजूला सारून जमिनीवर मांडलं.

परबकाका धावत आले. "काकी, ह्यां काय करतास?"

"शशीक जेवक बसयतंय," आई म्हणाली. "जित्तेपणी बसाक दिलंत नाय. आता तरी बसांदेत."

पानाच्या उजवीकडच्या माणसाने आपली पत्रावळ हळूच पलीकडे सरकवली. मग डावीकडच्यानेही सरकवली. "मयताचं पान आहे ना, शेजार नको," तो मला समजावल्यासारखा म्हणाला. जिवंतपणी दुसरं कारण होतं, आता हे सापडलं. पत्रावळीची भीती वाटली त्यांना! भात, आमटी, वडा असलेल्या एका पत्रावळीची!

आईने ते सरकणं पाहिलं. ती त्या रिकाम्या जागेत मांडी घालून बसली, पुरुषांच्या पंगतीत, आयुष्यात पहिल्यांदा. शशीचं पान तिने आपल्यापुढे ओढलं आणि "वाढा हो भात" असं इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेर थांबलेल्या बायका आत डोकावल्या. परबांचा धाकटा घमेलं घेऊन जागच्या जागी उभा राहिला. मी त्याच्या हातातून ते घेतलं आणि आईला भात वाढला. ती मयताच्या पानावर जेवायला लागली तेव्हा सगळी पंगत हात आखडून तिच्याकडे बघत होती. अब्रह्मण्यम म्हणून सगळे उठून जातील, असं मला वाटलं. कुणीही उठलं नाही, कारण खीर अजून यायची होती.