गाडीभोवती एक फेरी

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. गाड्या ट्रेलरवर चढवून एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचवणाऱ्या कंपनीत ते नुकसानीचे दावे बघत. लोकांच्या अर्जातल्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून मगच ते अर्ज नामंजूर करत, म्हणून ते मास्तर. भरपाई नाही तर नाही, निदान अर्ज तरी सुधारून मिळावा, असा त्यांचा हेतू असावा.

सव्वीस वर्षांत त्यांनी एकच पत्र शेकडो वेळा पाठवलं होतं. गाडी ताब्यात घेताना ग्राहकाने तिच्याभोवती एक फेरी मारायची, पोचा, ओरखडा जे दिसेल ते फॉर्मवरच्या गाडीच्या चित्रात दाखवायचं आणि मग सही करायची. चित्रात काही दाखवलेलं नसेल तर भरपाई नाही. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन होता: ‘ग्राहकाने गाडीभोवती फिरून पाहणी केली.’ तो मास्तरांनीच सुचवलेला. त्यात बरोबरची खूण नाही असा एकही फॉर्म त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता. त्यावरून गाडीभोवती न फिरणारा माणूस जगात जन्मालाच आला नाही असं कुणी समजलं असतं, तर मास्तरांनी त्याला अडवलं नसतं. नामंजूर फाइली मागच्या लोखंडी कपाटात जात. किल्ली मास्तरांच्या खिशात असे.

भाचीला मास्तरांच्याच शहरात, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली आणि ताई-दाजी बिऱ्हाड घेऊन तिच्याबरोबर आले. भाची लहानपणापासून व्हीलचेअरवर. त्यांच्या व्हॅनचा बाजूचा दरवाजा सरकवला की आतून रॅम्प बाहेर येई आणि ती कुणालाही हाक न मारता आत जाई. व्हॅन अर्थातच मामाच्या कंपनीकडून आणायची ठरली. ती पोहोचायच्या दिवशी मास्तरांनी, आलेल्या गाड्या ग्राहकांच्या ताब्यात देणाऱ्या यार्डवाल्याला मुद्दाम फोन केला. “आमचे दाजी येतायत. जरा बघ.”

यार्डवाल्याने बघितलं. म्हणजे दाजींकडे बघितलं. त्यांना ऑफिसात पंख्याखाली बसवलं, चहा दिला आणि फॉर्म पुढे सरकवला. “मास्तरांचे दाजी ना तुम्ही? मग काय, घरचंच काम.”

दाजींनी सही केली. उठून गाडी तपासायची म्हणजे मेहुण्याच्या माणसांवर संशय घ्यायचा, आणि तोही त्यांचाच चहा पिऊन. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून औषध लागू पडलं असं सांगणाऱ्यांपैकी ते होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजा सरकवला तर रॅम्प वीतभर बाहेर आला आणि तिथेच रुतला. ट्रेलरवर गाडी बांधताना पट्टा चाकाला घालायचा असतो. तो कुणीतरी आतल्या रॅम्पच्या दांडीला घालून आवळला होता. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला दांडी थोडी थोडी पिळत गेली होती.

नातेवाइकाचा दावा आपण बघायचा नाही, असा नियम होता. तोही मास्तरांनीच केलेला. दावा बाजूच्या टेबलावरच्या बाईंकडे गेला आणि बाईंनी कपाटातल्या शेकडो पत्रांसारखंच पत्र पाठवलं, फक्त वरचं नाव बदलून.

ते पत्र ताईने मास्तरांना घरी बोलावून वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात अजून निम्मी खोकी बांधलेलीच होती. मास्तर एका खोक्यावर बसले होते.

“‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे.’ हे कोण लिहितं रे?”

“छापील असतं ते, ताई.”

“छापायच्या आधी कुणीतरी लिहिलं असेल ना?”

मास्तरांनी चहात बुडवलेलं बिस्किट चहातच राहिलं.

“जाऊ दे गं,” दाजी गादीवर आडवे पडूनच म्हणाले. चार दिवस त्यांनी मुलीला उचलून गाडीत बसवलं आणि उचलून उतरवलं होतं. पाचव्या दिवशी त्यांच्या कमरेने साथ सोडली. “मी दोन दिवसांत उभा राहतो. उचलीन की पुन्हा.”

“बाबा, तुम्ही उभे राहा, पण मला उचलू नका,” भाची म्हणाली. मग मामाकडे वळली. “त्यांच्या कमरेमुळे मी घरी बसले नाहीये. कचेरीच्या दारात शिपाई, दोन साहेब आणि एक पोस्टमन उभे असतात. त्यांच्यासमोर मला पोत्यासारखं उतरवायचं, आणि मग मी आत जाऊन त्याच साहेबांना सांगायचं, तुमचा रस्ता चुकीच्या टेकडीवरून गेलाय. ऐकतील?”

“सुट्टी किती दिली आहे?”

“सोमवारपर्यंत. मंगळवारी दुसरं कुणीतरी टेकड्या काढेल.”

“मी करून देतो दुरुस्ती.”

“तू मोडलास का रॅम्प?” ताईने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही, अशी शंका मास्तरांना पहिल्यांदाच आली.

ते यार्डात गेले. “दाजींची सही कुठे घेतलीस?”

“ऑफिसात. जरा बघ म्हणालात ना तुम्ही? उन्हात कशाला उभं करायचं माणसाला.”

“आणि चौकोनातली खूण?”

“ती आधीच करून ठेवतो.” यार्डवाल्याने खण उघडला. कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता, आणि प्रत्येकाच्या तळाशी तीच, उजवीकडे कललेली, निळी खूण. “सकाळी काम नसतं तेव्हा उरकून घेतो.”

“सगळ्यांच्याच फॉर्मवर?”

यार्डवाला त्यांच्याकडे बघत राहिला. “मास्तर, तुम्हाला माहीत नव्हतं?”

अर्जातली एक वेलांटीही न सोडणारे मास्तर. एकाच हातची, एकाच शाईची, एकाच बाजूला झुकलेली खूण त्यांना सव्वीस वर्षं दिसली नाही, असं म्हणायला त्यांची जीभ वळेना. दिसली होती. तिच्यामुळे काम लवकर व्हायचं, इतकंच.

त्यांनी अर्धं पान लिहिलं. आपण फोन केला, सही बसल्या जागी घेतली, गाडी कुणी पाहिली नाही, खूण आधीची आहे, आणि ती सगळ्याच फॉर्मवर आधीची असते. ते पान आपल्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “शेवटचं वाक्य कशाला?”

“खरं आहे म्हणून.”

“खरं बरंच काही असतं हो. हे फाइलला लागलं तर मागच्या कपाटाचं काय करायचं?” साहेबांनी कागदाची घडी घातली आणि ती मास्तरांच्या हातात परत दिली. आवाज अगदी घरच्यासारखा. “असं करू. मुलीची अडचण आहे, खास बाब म्हणून रॅम्प बदलून देऊ. गाडी आज यार्डात पाठवा, शनिवारी घेऊन जा. हे पान मात्र मी वाचलेलं नाही.”

शनिवार म्हणजे सोमवारच्या आत. मास्तरांनी घडी खिशात घातली. त्याला फार तर तीन सेकंद लागले असतील. पुढे त्यांना आठवत राहिलं ते हेच, की जास्त लागले नाहीत.

शनिवारी सगळे यार्डात गेले. यार्डवाल्याने चहा मागवला. भाचीने नको म्हटलं आणि खुर्ची गाडीकडे वळवली. ती समोरून निघाली, वाकून चाकं पाहिली, दरवाजा तीनदा सरकवला, रॅम्पवरून वर गेली, खाली आली, मागच्या बाजूला गेली. दाजी अवघडून कमरेवर हात ठेवून उभे. “अगं, बास. त्यांना काय वाटेल?”

“मामा,” ती गाडीपलीकडून म्हणाली, “बाकीचे लोकही असेच फिरतात ना?”

“फॉर्मवर तसं असतं,” मास्तर म्हणाले.

तिने फॉर्म मांडीवर घेतला. चौकोनात निळी खूण आधीच होती. तिने ती खोडली, शेजारी स्वतःची केली आणि मग सही केली.

“खाडाखोड चालत नाही,” यार्डवाला म्हणाला आणि मास्तरांकडे बघू लागला.

मास्तरांनी लाल पेन्सिलीसाठी खिशात हात घातला. आधी त्या अर्ध्या पानाची घडी हाताला लागली, मग कपाटाची किल्ली, मग पेन्सिल. त्यांनी खाडाखोडीवर आपली आद्याक्षरं घातली.

“चला, मिटलं एकदाचं,” दाजी म्हणाले.

भाची आत बसून दरवाजा सरकवत होती. मास्तर पेन्सिल खिशात ठेवता ठेवता ‘हो’ म्हणाले, आणि किल्लीवर गेलेला हात त्यांनी काढला नाही.