चपलेतला खिळा

वीस वर्षं मी कळव्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत भगिनी मंडळाची प्रमुख होते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचून दाखवण्यात मला कुणी मागे टाकलं नाही, आणि त्याचा मला गर्व होता. यंदा माझ्या वयामुळे नवी प्रमुख निवडायचं ठरलं. बायकांनी दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या रूथचं नाव घेतलं. ती इमारतींचे जिने पुसायला जाते, वाचताना अडखळते. ही मंडळ सांभाळणार? देवा, हिच्यात काय पाहिलंस, असं मी प्रार्थनेतसुद्धा विचारलं. उत्तर काही आलं नाही.

त्या आठवड्याची घरप्रार्थना रूथकडेच होती. सकाळी तिचा फोन आला. दोन दिवस टँकर आला नाही, प्रार्थना पुढच्या आठवड्यात ठेवूया का, असं विचारत होती. प्रार्थनेला पाणी लागत नाही, असं मी तिला सुनावलं. खरं सांगायचं तर पुढारी कसा असावा हा धडा मला तिच्याच घरात, तिच्यासमोर द्यायचा होता.

चार जिने चढून गेले. दारात चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि सुरुवात केली. पुढारी सौम्य असावा, पाहुणचार करणारा असावा, आपलंच खरं करणारा नसावा. इतक्यात रूथ उठून आत गेली. "धडा चालू असताना उठतात का गं?" मी सगळ्यांदेखत विचारलं. ती परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"मावशी, पाय द्या. दारापासून रक्ताचे डाग आहेत."

मी पाय मागे घेतला.

"द्या हो. रोज लाद्या पुसते मी, डाग मला आधी दिसतात."

बायका हसल्या. मी पाय दिला. साखरेच्या आजारानं माझ्या तळव्यांना काही कळत नाही. चहासाठी राखलेलं पाणी तिनं माझ्या पायावर ओतलं. जखम त्या दिवशीची नव्हती, वास येत होता. मग तिनं माझ्या चपलेत हात घालून पाहिलं. आठवड्यापूर्वी दुरुस्त करून आणलेल्या चपलेचा खिळा वर आला होता. त्याच्यावर मी आठवडाभर चालत होते. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले आणि पेत्र आधी नको म्हणाला, हा भाग मी कितीदा वाचून दाखवला असेल. पण तेव्हा परातीत माझा पाय नव्हता. धडा तिथंच थांबला.

आणखी दोन दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी एकटी राहते, माझा तळवा बघणारं घरात कुणी नाही. रूथचं ऐकून त्या दिवशी घरी बसले असते तर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी गेले ती हट्टानं, तिला कमी दाखवायला. देवानं तो हट्टही कामाला लावला. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पाय जागेवर आहे.

निवडीच्या दिवशी रूथचं नाव मीच सुचवलं. मला वाचायला वेळ लागतो, मावशी, असं ती म्हणाली. "लागू दे," मी म्हटलं, "आम्हाला कुठं जायचंय?"

हल्ली कामावरून परतताना ती कळव्याला उतरते आणि माझा तळवा बघून जाते. कुणाच्या हाती स्वतःला सोपवणं मला अजून जड जातं. पण दारावर थाप पडली की मी देवाचे आभार मानते आणि मुकाट्यानं पाय पुढे करते.