ठाण्यावर आलेला जमाव

ती घटना अजूनही मनातून गेलेली नाही. सत्तरच्या दशकात मी चिंचवड भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कारखाने वाढत होते आणि पिंपळे गुरवकडच्या शेतांत कामगारांसाठी चाळी उठत होत्या.

तिथल्याच एका कामगाराची लहान मुलगी संध्याकाळी खेळता खेळता बेपत्ता झाली. आम्ही नोंद करून शोध सुरू केला. मुलं पळवणाऱ्या टोळीची बातमी नुकतीच वर्तमानपत्रात येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच जमाव एका माणसाला फरफटत ठाण्यावर घेऊन आला. मराठवाड्यातून आलेला तो मुसलमान मेकॅनिक नाक्यावर स्कूटर दुरुस्त करायचा. येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचा, एवढाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. त्याचा हात मोडला होता. पहिला फटका मुलीच्या बापानेच मारला होता.

"त्याला आमच्या ताब्यात द्या!" लोक ओरडत होते. सगळ्यांत पुढे होता त्या चाळी बांधणारा ठेकेदार. गावात वजन असलेला माणूस. मला म्हणाला, "साहेब, तुम्हाला जमत नसेल तर आम्ही बघतो."

मी मेकॅनिकला आत घेतलं, दार लावलं आणि डॉक्टरांना बोलावलं. विचारपूस केली तेव्हा तो कण्हत म्हणाला, "साहेब, मलाबी लेकरं हायेत गावाकडं. त्यांची याद येती म्हणून देतो गोळ्या." आदल्या दिवशी तो सुटे भाग आणायला पुण्याला गेला होता आणि उशिरा परतला होता. तिथल्या दुकानदारानेही फोनवर तेच सांगितलं. मी बाहेर येऊन हे लोकांना सांगितलं, तर माझ्याच दिशेने दगड आला.

दुपारी गर्दी पांगल्यावर मागच्या दाराने गावातली एक म्हातारी आली.

"सायेब, चाळीच्या कामावर पान्याचा खड्डा व्हता. काल म्या तितं म्हशींना पानी पाजलं. आज बगते तर माती टाकून बुजवलाय. काम तर अर्धंच हाय."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"ठेकेदार म्होरं हुबा व्हता न्हवं."

मी कामावरच्या मुकादमाला आणवलं. "खड्डा का बुजवला?"

"मालकांनी सांगितलं."

"कशासाठी?"

तो दाराकडे बघायला लागला. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा जास्त बोलतो. हा मात्र दोन शब्दांतच थांबला होता. मी त्याला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "मुलगी तुम्हालाच सापडली ना?"

तो ढसाढसा रडायला लागला. सकाळी पाणी काढायला गेला तेव्हा ती त्याच्या हाती लागली होती. खड्ड्याला कठडा नव्हता, वर फळीही नव्हती. ठेकेदाराने तिच्यासकट खड्डा बुजवून घेतला आणि तिथून तो सरळ जमावात सामील झाला.

पंचांसमक्ष खड्डा उकरला. हवालदाराने प्रेत वर घेतलं तेव्हा बाप तिथेच खाली बसला.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणे, असा गुन्हा दाखल झाला. आता लोक पेटतील म्हणून मी जादा बंदोबस्त मागवला. पण जमाव आलाच नाही. आले ते गावातले काही प्रतिष्ठित. "माणूस चांगला आहे साहेब, घाबरून चूक झाली," असं सांगायला. ठेकेदाराला कोर्टात न्यायला जीप निघाली तेव्हा फाटकापाशी फक्त मुलीची आई उभी होती.

पुढे मी मेकॅनिकचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा मुलीचा बापही तिथे आला. तो दारातच थांबला. मेकॅनिकच सरकून जागा करत म्हणाला, "बसा भाऊ. लेकरू गेलं तुमचं."

हात बरा झाल्यावर तो गावी निघून गेला. परत आला नाही.

त्यानंतर मी बरेच जमाव पाहिले. लोकांचा राग खोटा नसतो. त्या मुलीसाठी त्यांचा जीव खरोखरच तुटत होता. पण ज्याच्यामागे कोणी नाही, अशा माणसावर तो राग आधी निघतो, आणि ओळखीचा, वजनदार माणूस समोर आला की थंडावतो. म्हणून पुढे कुणाला धरून ठाण्यावर आणलं की मी आधी एकच प्रश्न करायचो, "तुमच्यापैकी स्वतःच्या डोळ्यांनी कोणी पाहिलंय?" बहुतेक वेळा पुढची रांग गप्प व्हायची. मग मी त्या म्हातारीसारख्या, मागे उभ्या असलेल्यांकडे जायचो.